बिस्किटांचं टेबल

[दृश्य: नाशिकच्या सिडकोतलं समाजमंदिर. रविवार, सकाळचे साडेसात. टेम्पोतून खुर्च्या उतरतायत.]

सेवाभावी क्लबात नवा सभासद आला की त्याच्या हाती माइक येत नाही, खुर्च्या येतात. १९०५ साली शिकागोत सुरू झालेली रोटरी असो, १९१७ची लायन्स असो, नाहीतर कॉलनीतलं मित्रमंडळ; नवखा माणूस बहुधा रक्तदान शिबिरातच कामाला लागतो.

कॉट, पिशव्या, डॉक्टर रक्तपेढीचे. जागा, पंखे, पाणी, टेबलं क्लबाची. नोंदणी, वजन, तपासणी, कॉट आणि शेवटी अल्पोपहार, अशी वाट एकाच दिशेने हवी. अल्पोपहाराचं टेबल दाराशी लावलं की घोळ होतो. लोक बिस्किटाचा पुडा उचलतात आणि थेट गाडीला किक मारतात.

[दृश्य: नोंदणीचं टेबल.]

इथे ‘नाश्ता झालाय ना?’ विचारू नये, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘काका, सकाळी काय खाल्लं?’ असं विचारलं की खरं काय ते कळतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेल्याची झोप झालेली नसते, एकादशीवाला उपाशी असतो. अशांना आज थांबवलेलं बरं. रविवारी ‘मिसळ’ हे उत्तर हमखास येतं. चालतं, पण तर्रीच्या तेलाने प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गढूळ होऊ शकतो. पोहे-उपमा केव्हाही चांगले. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. यात्रेत हौसेने गोंदवून घेतलं असेल, तर पुढे वर्षभर थांबायचं.

[दृश्य: जवळून. काचेच्या भांड्यात निळं पाणी.]

हे मोरचुदाचं द्रावण. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडतात. पंधरा सेकंदांत सरळ तळाला गेला, तर हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त. मध्येच घुटमळला किंवा वर आला, तर दाता परत. आता बऱ्याच ठिकाणी छोटं यंत्र असतं, तरी तत्त्व समजायला हा थेंब बघावाच.

कॉटवर ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त काढायला दहाएक मिनिटं पुरतात. सुई निघाली की हात सरळ ठेवून कापूस दाबायचा. कोपर दुमडलं की आत रक्त साकळतं आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा दिसतो.

[दृश्य: अल्पोपहाराचं टेबल.]

सर्वांत हलकं समजून नव्या पोराला देतात ते हे काम. खरं लक्ष लागतं ते इथेच. उठून उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, भोवळ येते. पहिल्यांदा रक्त देणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींमध्ये हे जास्त दिसतं. आधी बोलणं थांबतं, जांभई येते, ओठ पांढरे पडतात, कपाळावर घाम फुटतो. एवढं दिसलं की आहे तिथेच आडवं करायचं, पाय खुर्चीवर उचलून ठेवायचे, डॉक्टरांना हाक मारायची. तोंडात पाणी ओतायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, भोवती घोळका होऊ द्यायचा नाही.

पंधरा-वीस मिनिटं माणसाला बसवून ठेवायचं कसं? प्रमाणपत्र कॉटजवळ देऊच नका. सरबत संपल्यावर या टेबलावरच द्या. सेल्फीसाठी का होईना, माणूस थांबतो.

[दृश्य: रिकामा हॉल.]

सुया आणि रक्ताळलेला कापूस रक्तपेढीची माणसंच उचलतात, स्वयंसेवकाने त्याला हात लावू नये. स्वयंसेवकाचं काम दात्यांच्या वहीत.

लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५. म्हणून १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनी, सगळ्यांनी एकदम बॅनर लावण्यापेक्षा लहान शिबिरं वर्षभर विखरून घेतलेली जास्त उपयोगी. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. नावापुढे रक्तगट आणि पुढची तारीख लिहून ठेवायची. जानेवारीत दिलेल्यांना मे महिन्यात फोन करता येतो, आणि कॉलेजं बंद असल्याने पिशव्यांची चणचण तेव्हाच असते.