काठावरचा माणूस

[दृश्य: सिंधरोटजवळ महीचं पात्र. भर दुपार. काठावर गाड्या, उथळ पाण्यात मुलं.]

मे महिन्यात बडोद्याचा पारा 42 च्या पुढे गेला की रविवारी सकाळीच गाड्या शहराबाहेर पडतात. कुणी सिंधरोटला महीवर जातं, कुणी चांदोदच्या संगमावर. मराठी घरांतून गरुडेश्वरला जाणारे बरेच असतात. आधी टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन, मग नर्मदेत डुबकी. पाण्यात उतरण्याचा हा आनंद कुणी सोडावा, असं आम्हाला अजिबात वाटत नाही. पण प्रत्येक काठाची खोड वेगळी आहे, आणि ती पाण्यात पाय घालण्याआधी माहीत असायला हवी.

सुरुवात विश्वामित्रीपासून. या नदीत उतरायचं नाही, विषय संपला. शहरातून वाहणाऱ्या या पात्रात शेकडो मगरी आहेत आणि उन्हाळा हा त्यांच्या विणीचा काळ. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. मे-जूनमध्ये पिल्लं बाहेर येईपर्यंत ती घरट्याच्या आसपासच असते आणि जवळ आलेल्याच्या अंगावर जाते. कपडे धुवायला किंवा हात-पाय धुवायला काठाशी उकिडवं बसलेलं माणूस तिला लहान जनावराएवढं दिसतं. नदीकाठी फिरायला गेलात तर पाण्यापासून लांबूनच बघा, आणि अंधार पडायच्या आत निघा.

[दृश्य: मही. पाण्याखालची वाळू. काठीचं टोक तळ चाचपडतंय.]

महीचं पाणी मेमध्ये शांत दिसतं. घात करते ती खालची वाळू. वाळूउपसा झालेल्या जागी तळाशी खड्डे राहतात, आणि गढूळ पाण्यात ते वरून दिसत नाहीत. खड्ड्याची कड ओल्या वाळूची असते. पाय ठेवेपर्यंत टणक वाटते, वजन पडलं की ढासळते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस दोन पावलांत डोक्यावरच्या पाण्यात जातो. परत फिरायला पाय रोवावा, तर तीच कड पुन्हा पायाखालून निसटते. त्यामुळे पोहता न येणाऱ्याला तिथून चालत बाहेर येता येत नाही. मग दुसरा हात द्यायला जातो, त्याचीही कड सुटते, आणि तिसरा त्याच्या मागे. एकाच कुटुंबातली चार-पाच माणसं एकदम जातात ती अशी. मे 2024 मध्ये पोइचाला नर्मदेत सुरतहून आलेल्या एकाच गटातले सात जण बुडाले.

म्हणून सहा-सात फुटांचा बांबू बरोबर ठेवायचा. एक मोठा माणूस पुढे जाईल, बांबू आपटून तळ लागला तरच पाऊल टाकेल. जितकी जागा तपासून झाली, तिच्या कडेला दोन काठ्या रोवायच्या आणि त्यांना लाल फडकं बांधायचं. त्या फडक्यांच्या पलीकडे कुणी जायचं नाही. मुलांसाठी पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत, पोहता न येणाऱ्या मोठ्यांसाठी कमरेपर्यंत. मोठ्यांनी खोल पाण्याच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे मुलं त्यांच्या आणि काठाच्या मध्ये राहतात. आपल्याकडे नेमकं उलट होतं: मुलं पुढे पाण्यात, मोठी माणसं मागे कोरड्यात.

बंधाऱ्यापासून मात्र लांबच राहा, वरच्या बाजूनेही आणि खालच्या बाजूनेही. भिंतीवरून पडणारं पाणी तळाशी आपटून वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच वळतं. त्यात सापडलेला माणूस जागच्या जागी घुसळला जातो. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे तरंगायला आधार कमी मिळतो. पट्टीचा पोहणाराही तिथून सुटेल याचा भरवसा नाही.

[दृश्य: गरुडेश्वर. घाटाच्या पायऱ्या, पाण्याची रेघ.]

नर्मदेची गोष्ट निराळी. गरुडेश्वर सरदार सरोवर धरणाच्या खालच्या अंगाला आहे. धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात 200 मेगावॉटचे सहा संच आहेत. ते सुरू झाले की आकाशात ढग नसतानाही नदीत पाणी येतं. म्हणून घाटावर पोचल्याबरोबर पाणी जिथे टेकलंय त्या पायरीवर खडूने रेघ ओढा. वाळूचा काठ असेल तर काठी रोवा. दर दहा मिनिटांनी तिकडे नजर टाकायची. रेघ चार बोटं बुडाली, निवळशंख पाणी गढूळ झालं, किंवा पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर सगळ्यांना बाहेर काढा. भोंगा वाजला तर सामान आवरत बसू नका. घाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथे उभ्याने उतरू नका. बसून, एकेक पायरी सरकत उतरा.

होडीबद्दल बडोद्याला वेगळं सांगायला नको. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला नर्मदा ओलांडताना गर्दी होतेच. अशा वेळी ही होडी सोडून पुढच्या होडीत बसावं. माणसं जितकी जास्त, तितकी होडीची कड पाण्याच्या जवळ येते. फोटोसाठी चार जण एका बाजूला उठून उभे राहिले की ती कड पाण्याखाली जायला क्षणही लागत नाही.

[दृश्य: जवळून. लाइफ जॅकेट, बकल ओढणारे हात.]

जॅकेट हातात आलं की आधी आतला शिक्का वाचा. किती किलोच्या माणसासाठी आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. शिवण उसवलेली असेल, पट्टा कुजलेला असेल, फोम दाबल्यावर पापडासारखा चपटाच राहत असेल, तर दुसरं मागा. सगळी बकलं लावा, पट्टे ओढा, आणि कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर खेचायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यातही ते तसंच सरकेल आणि माणूस खालून निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. हवेची ट्यूब हे खेळणं आहे. वाऱ्याने ती मुलाला खोल पाण्यात नेते आणि उलटली की मूल डोक्यावर जातं.

जेवून पाण्यात उतरू नये, असं घराघरात बजावलं जातं. त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं हे, की दारू प्यायलेल्याने उतरू नये, आणि तळ माहीत नसलेल्या पाण्यात सूर मारू नये. तीन फुटांच्या पाण्यात डोकं आपटलं की मान मोडते. तलावात गाळात रुतलेल्या विसर्जनाच्या मूर्तींच्या लाकडी चौकटी आणि तारा असतात, त्याही वरून दिसत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. प्रत्येक सहलीत एक माणूस काठावर कोरडा राहिला पाहिजे. त्याच्या हातात फोन नाही, भेळ नाही, पत्ते नाहीत. त्याने डोकी मोजायची. वीस मिनिटांनी दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, कारण त्याहून जास्त वेळ नजर टिकत नाही. बुडणारं माणूस ओरडत नाही. श्वासच पुरत नसतो, ओरडणार कशाने? तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे कललेलं, केस डोळ्यांवर, शरीर उभं, पाय न मारलेले. वरून वाटतं, खेळतोय. हाक मारा. उत्तर आलं नाही, तर हातात वेळ एका मिनिटाहूनही कमी आहे.

[दृश्य: तेलाचा रिकामा कॅन, दोरी, गाठ मारणारे हात.]

या माणसाचं हत्यार घरातच आहे: पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन. तो धुऊन त्यात अर्धा पेला पाणी ठेवा, नाहीतर फेकताना वाऱ्याने भलतीकडे जातो. झाकण घट्ट लावा. कॅनच्या मुठीला पंधरा मीटर नायलॉनची दोरी दुहेरी गाठीने बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा. मनगटाला गुंडाळू नका, नाहीतर तुम्हीही ओढले जाल. बंद कॅन पाच किलोच्या आसपास भार उचलतो, आणि माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायला तेवढं पुरतं. कॅन त्याच्या अंगावर न फेकता पलीकडे फेका आणि दोरी खेचत त्याच्या हातात आणा. ‘छातीशी धर, उताणा हो’ असं ओरडून सांगा, मग सावकाश ओढा. दोरी नसेल तर बांबू, एकमेकींना बांधलेल्या ओढण्या, साडी. स्वतः उडी मारायची नाही. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या खांद्यावर चढतो.

बाहेर काढल्यावर तो श्वास घेत नसेल तर एकाने 108 ला फोन लावायचा, दुसऱ्याने लगेच हात घालायचा. पोट दाबू नका, उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न श्वासनलिकेत जातं. माणसाला पाठीवर झोपवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने पाच श्वास द्या. बुडालेल्याला सगळ्यात आधी प्राणवायू हवा असतो. मग छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल 30 दाब. मग 2 श्वास. पुन्हा 30. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. दमलात तर दुसऱ्याला बसवा.

शुद्धीवर आला, चालू लागला, तरी त्याला घरी नेऊ नका. फुफ्फुसात गेलेलं थोडंसं पाणीही काही तासांनी श्वास अडवू शकतं. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, झापड येत असेल, तर ही त्याचीच लक्षणं. रुग्णालयात दाखवा, आणि किती वेळ पाण्याखाली होता ते डॉक्टरांना नेमकं सांगा.