सहा घंटा, चार वादक

मंडळींनो, पुण्यात वाढलेल्या अनेकांनी पंचहौदाच्या चर्चचा उंच मनोरा पाहिला असेल. त्यातील आठ घंटा इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या गावोगावच्या घंटांसारख्याच चाकावर बसवलेल्या आहेत. देवळातली घंटा लहान मूलही वाजवते. ही घंटा मात्र तोंड वर करून उभी राहते आणि दोर ओढला की जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरते. अर्ध्या टनाच्या त्या धातूला घाई करता येत नाही, म्हणून इथे धून वाजवत नाहीत, दर फेरीला घंटांचा क्रम बदलत नेतात, आणि तो बदलताना प्रत्येक घंटा एका वेळी फार तर एक स्थान पुढे किंवा मागे सरकते. सात घंटांचे ५०४० क्रम होतात. ते सारे एकदाही न चुकता वाजवायला सुमारे तीन तास लागतात, आणि समोर कागद ठेवण्याची पद्धत नाही.

आमच्या गावात घंटा सहा आणि वादक चार. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त परिचारिका शिकायला आल्या. दोर हाताळणे त्यांना दोन महिन्यांत जमले, पण पुढची दोन वर्षे त्या फक्त ‘राउंड्स’, म्हणजे वरच्या स्वरापासून खालच्या स्वरापर्यंतचा तोच सरळ क्रम, वाजवत राहिल्या. ‘प्लेन हंट’, म्हणजे आपली घंटा एकेक स्थान सरकवत पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेपर्यंत नेणे आणि परत आणणे, शिकताना नवशिक्याभोवतीचे सगळे पक्के असावे लागतात, नाहीतर चूक आपली की शेजाऱ्याची हे कानाला कळतच नाही. आणि आमच्या चौघांतले पक्के दोघेच. बाईंनी कधी तक्रार केली नाही. एका मंगळवारी त्या आल्या नाहीत, मग कधीच आल्या नाहीत. त्यांच्यात काही कमी नव्हते, कमी आमच्याकडे होते, आणि ही गोष्ट मला आजही टोचते.

वेळ संपत आल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. नवशिक्याला माणसांइतकीच गरज स्थिर सोबतीची असते, आणि ती यंत्र देऊ शकते: घंटेचा लोलक बांधून ठेवायचा, चाकाजवळ सेन्सर लावायचा, मग आपल्या घंटेचा आवाज तिच्या फिरण्याप्रमाणे आणि बाकीच्या पाच घंटांचा आवाज अचूक वेळी संगणक ऐकवतो, आणि एकटा माणूस शेजाऱ्यांची झोप न मोडता तासभर कान तयार करू शकतो. घरी हातघंटा घ्याव्यात; २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेल्या ‘रिंगिंग रूम’ या संकेतस्थळावर दूरच्या वादकांबरोबर क्रम बदलण्याच्या ठरलेल्या पद्धती पाठ कराव्यात. पण दोराचा ताण आणि माणसांची लय यंत्रात नसते, म्हणून चार-पाच गावांनी महिन्यातला एक सराव एकाच शिकाऊ वादकासाठी राखून ठेवावा आणि आपले पक्के वादक त्याच्याभोवती उभे करावेत, हा माझा आग्रह आहे. आमच्या मनोऱ्यात सेन्सर बसला आहे. त्या बाईंना मी पत्र लिहिले आहे.