बडोद्याच्या घरात कासवाचे हवामान

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'कासवाचे पहिले घर' असा छापला आहे. हे वाचून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काचेची पेटी, रंगीत खडे आणि कोपऱ्यात प्लास्टिकचे नारळाचे झाड आले असेल. मी पशुवैद्य आहे आणि अशा पेट्यांमध्ये वाढलेली कासवे माझ्याकडे उपचाराला येतात. म्हणून मी आज पेटीपेक्षा हवेबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी कायद्याचे उरकून घेऊ. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव आपल्या गुजरातच्याच कोरड्या झुडपी रानात राहते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधल्या दुरुस्तीने ते अनुसूची १ मध्ये गेले, म्हणजे वाघ-सिंहांच्या यादीत. ते घरात ठेवता येत नाही. मामांनी दिले असले, वास्तूला चांगले म्हणून कुणी आणून ठेवले असले, तरी नाही. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला हात लावून आत जावे; वास्तूचे तेवढ्यात भागते. कुणाच्या घरी तारा कासव असेलच तर वनविभागाला कळवा. रात्री गुपचूप विश्वामित्रीत सोडून येऊ नका. ते जमिनीवरचे कासव आहे, त्याला पोहता येत नाही, आणि त्या नदीत मगरी किती आहेत हे २०२४ च्या पुरात सगळ्या शहराने पाहिले.

मग उरतात परदेशी कासवे. बडोद्यात माझ्यासमोर सर्वात जास्त येते ते सल्काटा, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला जो कोरडा पट्टा आहे तिथले. तेही कागदांशिवाय ठेवता येत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंदणी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करावी लागते. विक्रेता 'कागदांचं नंतर बघू' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. आणि दुकानात तळहातावर बसणारे ते पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोचे होते, हेही ऐकून ठेवा. पन्नास-साठ वर्षे ते सहज जगते, जमीन उकरते, कुंड्या उलथवते. माझे मत विचाराल तर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सल्काटा घेऊच नये. मी आज सांगतो आहे ते घर पहिल्या दोन-तीन वर्षांचे. त्यापुढे अंगण लागते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्यासारखी आतून ऊब तयार करण्याची सोय कासवाच्या शरीरात नाही. अन्न पचवायचे तर आधी त्याला शेकावे लागते आणि जास्त तापले तर सावलीत सरकावे लागते. दिवसभर त्याचे हेच चाललेले असते. म्हणून आपण एक 'योग्य' तापमान ठरवून सगळी पेटी त्यावर आणायची नसते. एका टोकाला दिव्याखाली ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, आणि मधली वाट त्याला चालू द्यायची. कुठे बसायचे ते त्याचे त्याला कळते. पण त्यासाठी पेटीला लांबी हवी. पिल्लाला सुद्धा किमान चार फूट बाय दोन फूट लागते. दीड फुटाच्या टाकीत दिवा लावला की दोन्ही टोके सारखीच तापतात, मग निवडायला काही उरतच नाही.

गोम अशी की यावरची पुस्तके आणि व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले असतात. त्यांची सगळी धडपड उष्णता आणण्यासाठी. बडोद्यात पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पार जातो आणि वरच्या मजल्यावरची खोली दुपारी स्वतःच छत्तीस अंशांवर असते. तिथे आज्ञाधारकपणे शंभर वॅटचा दिवा लावणारे लोक मला भेटतात. अशा दिवसांत तापवणारा दिवा बंद ठेवायचा, पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, शक्यतो तळमजल्यावर हलवायची आणि थंड टोकाची माती ओली ठेवायची. आपल्याकडे उन्हाळ्यात खरी मेहनत असते ती थंड टोक टिकवण्याची. याउलट उत्तरायणाच्या सुमारास अगाशीवर पतंग उडवताना आपण स्वेटर घालतो, त्या रात्री पिल्लाला ऊब लागते. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. थंडीत गप्प बसले म्हणजे झोपले, असे समजू नका. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तो आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राला, जोडून लावा. लाल-निळे बल्ब रात्री नकोत. तापमान जमिनीलगत, कासवाच्या उंचीवर मोजा. कोविडच्या काळातली कपाळाला लावायची बंदूक त्यासाठी चालत नाही, ती तापाच्या टप्प्यापुरतीच असते.

आता अतिनील प्रकाश. कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार व्हायला अतिनील-बी किरण लागतात. 'आमच्या खिडकीत छान ऊन येतं डॉक्टर' असे प्रत्येक जण सांगतो. पण खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. ऊन दिसते, ऊब लागते आणि कवच मऊ पडत जाते. माझ्याकडे येणाऱ्या पिल्लांत हे दुखणे फार दिसते: बोटाने दाबले तर कवच आत जाते. उपाय म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, अतिनील-बी देणारी टी-फाइव्ह नावाची बारीक नळी, दिवसाला बारा तास. किती उंचीवर टांगायची ते खोक्यावर लिहिलेले असते, ते पाळा. नळी उजळ दिसत राहते पण तिचे किरण ओसरतात, म्हणून साधारण वर्षाने बदला. निर्जंतुकीकरणाची जांभळी नळी चुकूनही लावू नका, तिने कासवाचे आणि तुमचेही डोळे जातील. आणि सकाळचे ऊन फुकट आहे. अगाशीवर जाळीच्या कुंपणात, बाजूला सावली ठेवून, अर्धा तास सोडा. वर जाळी हवी, आपल्याकडे घारी आणि कावळे कमी नाहीत. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवू नका, आत ते भाजून निघते.

सल्काटा कोरड्या प्रदेशातले, म्हणून त्याला कोरडे ठेवायचे, हा समज फार चिवट आहे. तिथली कासवे दिवसाचा ताप टाळायला खोल बिळात बसतात आणि बिळात ओल असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सल्काटाची पिल्ले वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवली गेली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या कवचावर टेंगळांसारखे उंचवटे जास्त आले. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. म्हणून खाली चार-पाच बोटे जाड कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि खत न घातलेली माती मिसळून घाला, खालचा थर दमट ठेवा. नुसती वाळू नको, ती पोटात जाऊन अडकते. लाकडाचा सुगंधी भुसाही नको. एक मातीची कुंडी उभी अर्धी कापून पालथी घाला, आत ओले कोकोपीट भरा, झाले बीळ. एसी लावत असाल तर हवा फार कोरडी होते, तेव्हा पेटीचा निम्मा भाग वरून झाका. पावसाळ्यात उलट झाकण काढा, नाहीतर बुरशी धरते. ओल आणि थंडी मात्र कधी एकत्र येऊ देऊ नका. नाकातून बुडबुडे दिसले की थेट दवाखाना.

पेटी विकतच घ्यायला हवी असे नाही. जुने लाकडी पुस्तकांचे कपाट आडवे पाडा, मधल्या फळ्या काढा, आतून जाड प्लास्टिक लावा. काचेपेक्षा हे बरे, कारण कासवाला काच कळत नाही. पलीकडे दिसते म्हणून ते तासन्‌तास तिच्यावर चढत राहते. दिवे साखळीने टांगा, नुसत्या चिमट्यावर विसंबू नका. दिवा खाली पडला तर सुकलेले कोकोपीट पेट घेते.

पाण्याला कुंडीखालची उथळ थाळी, पाणी हनुवटीपर्यंत. शिवाय पिल्लाला रोज वीसेक मिनिटे कोमट पाण्यात बसवा. खाणे सोपे आहे: गवत, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, काटे काढलेला फड्या निवडुंग. खंडेराव मार्केटातला पाला आणलात तर भरपूर पाण्यात धुवा, फवारणी असते. पालक, फळे, पोळी-भात नको. कॅल्शियमसाठी गांधीच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानातून समुद्रफेन (माकूळ या समुद्री जिवाचे पांढरे हाड) आणा आणि तुकडा तसाच टाकून ठेवा, ते आपणच कुरतडते. हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आणि हे सगळे कासव यायच्या आधी. रिकामी पेटी आठवडाभर चालवा, सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे वहीत टिपा. आकडे जमले नाहीत तर दिवा वरखाली करा, पेटी हलवा. पिल्लू घरी आणल्यावर हे प्रयोग करायचे नसतात.

मागून एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'एकटे कंटाळेल, दोन आणू का?' नको, काकू. कासवाला सोबत लागत नाही. दोन ठेवली की एक दुसऱ्याला दिव्याखालून हुसकावते आणि दुसरे न खाता बसून राहते. आपल्याला वाटते, शेजारी शेजारी बसली आहेत, किती प्रेम!

दुसरा प्रश्न आहे, दिवाळीत आठवडाभर पुण्याला जायचे तर काय. दिवे टायमरवर, हीटर थर्मोस्टॅटवर असेल तर तेवढे चालत राहते. पाणी, पाला आणि मातीची ओल मात्र शेजाऱ्यांनी रोज पाहायला हवी, आणि वीज गेली तर तुम्हाला फोन करायला हवा. असे शेजारी नसतील तर कासव टोपलीत घालून पुण्याला नेऊ नका. ज्याच्याकडे आधीपासून अशी पेटी आहे त्याच्याकडे ठेवा, आणि वही सोबत द्या.