खडखड आवाज येईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

वाळलेले चिंचोके सुपात घालून हलवले की कसा आवाज येतो, तो जरा आठवून बघा. कोरडा, खडखडीत. आज मी जे सांगणार आहे, त्यात हा आवाज पुन्हा येईल. रेडिओवरून मला तुम्हाला चव देता येत नाही, रंग दाखवता येत नाही. आवाज तेवढा सांगता येतो, आणि फ्रेंच फ्राईज झाले की नाहीत हे डोळ्यापेक्षा कानाला आधी कळतं, असा माझा अनुभव आहे.

हो, फ्रेंच फ्राईजच. दुकानात गोठवलेली पाकिटं मिळतात ना, ती एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत कशी करायची, यावर आज बोलू. पूर्वी ही पाकिटं बेळगावात खडे बाजाराच्या आसपास दोन-चार दुकानांत दिसायची. आता खानापूरला मिळतात, निपाणीला मिळतात, चिकोडीला मिळतात. एअर फ्रायरही घरोघरी आलाय. कुणाला दिवाळीत लेकानं आणून दिला, कुणाला बक्षीस म्हणून मिळाला. आणि बायका भेटल्या की तक्रार एकच असते: "मऊच पडालेत बघ, काय केलं तरी."

आमच्याकडेही असंच झालं होतं. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तळणावर बंधन घातलं. मामांना बटाटा जिवापाड आवडतो. शापूरच्या जुन्या घरात संध्याकाळी चहाबरोबर बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या, हा त्यांचा कितीतरी वर्षांचा नेम. तो एकाएकी तुटला. ते काही बोलले नाहीत, पण चहाचा कप घेऊन नुसते बसायचे, ते मला बघवायचं नाही. म्हणून यंत्र घेतलं. पहिल्या दिवशी अर्धा किलोचं पाकीट दुपारीच बाहेर काढून ठेवलं, म्हटलं बर्फ सुटू दे. मग दोन चमचे तेल लावलं, मीठ लावलं, आणि सगळे एकदम बुट्टीत, म्हणजे यंत्रातल्या टोपलीत, भरले. वीस मिनिटांनी उघडलं तर वाफेचा लोट आला. खाली सगळे एकमेकांना चिकटलेले, पांढरट, लिबलिबीत. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, एक उचलून बघितला आणि म्हणाल्या, "हे उकडलेत की गं. तळल्यागत कुठं झालेत?" मामांनी दोन खाल्ले, पाणी प्याले आणि उठले. मला फार वाईट वाटलं.

आत्या बरोबर बोलल्या होत्या. ते उकडलेच होते. आणि मी केलेल्या चारही गोष्टी चुकल्या होत्या: आधी बाहेर काढून ठेवलं, वरून तेल लावलं, मीठ आधी लावलं, बुट्टी भरून टाकली. वेगवेगळ्या वाटतात, पण तेलाची एक सोडली तर बाकी तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. पाणी.

पाकिटातला फ्राय हा कच्चा बटाटा नसतो, हे आधी लक्षात घ्यायला पाहिजे. कारखान्यात बटाटा सोलतात, कापतात, गरम पाण्यातून काढतात, वरचं पाणी वाळवतात, मग थोडा वेळ तेलात तळतात आणि लगेच गोठवतात. म्हणजे एक तळण होऊनच तो तुमच्या घरी येतो. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात बघा, शंभर ग्रॅमला चार-पाच ग्रॅमच्या आसपास तेल लिहिलेलं असतं. कुरकुरीत व्हायला तेवढं पुरतं. मी वरून घातलेले दोन चमचे फुकट गेले, आणि ज्यांच्यासाठी यंत्र घेतलं त्यांच्याच पोटात गेले.

पण त्याच फ्रायमध्ये वजनाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश पाणी असतं. गोठलेलं. कुरकुरीत करायचं म्हणजे बाहेरच्या पातळ थरातलं पाणी घालवायचं आणि आतलं राखायचं. पाणी शंभर अंशाला उकळतं आणि ते असेपर्यंत बटाट्याचा पृष्ठभाग शंभराच्या वर फारसा जात नाही. तो सोनेरी रंग आणि खमंग वास यायला मात्र एकशे चाळीस अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणून ओला फ्राय कितीही वेळ ठेवला तरी उकडतच राहतो.

आपल्याकडच्या बाईला हे नवीन नाही. पावसाळ्यात चिरमुरे सादळले तर आपण काय करतो? कढईत कोरडेच परततो. तेल घालत नाही, नुसती ओल घालवतो. हाताखाली चिरमुरा चुरचुर वाजायला लागला की उतरवतो. एअर फ्रायरचं काम अगदी तेच आहे. नावात फ्रायर असलं तरी ती एक छोटी भट्टी आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि खाली भोकांची बुट्टी. पंखा गरम वारा जोरानं खाली ढकलतो, तो फ्राईजच्या फटीफटीतून फिरतो आणि ओल घेऊन मागच्या जाळीतून बाहेर पडतो. फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र पहिल्यांदा आणलं, तेव्हापासून आतली रचना मुळात हीच आहे. वाऱ्याला फिरायला वाटच नसेल, तर ओल जाणार कुठून?

म्हणून बुट्टी भरायची नाही. चार लिटरची बुट्टी असेल तर एका वेळी अडीचशे, फार तर तीनशे ग्रॅम. तळ झाकला जाईल आणि वर थोडे इकडं-तिकडं पडतील, एवढेच. घरात माणसं जास्त असतील तर दोन घाणे करा. कढईत आपण भजी एकदम सगळी सोडत नाही, तसंच. काही जणी बुट्टीत कागद अंथरतात, धुवायला सोपं म्हणून. फ्राईजला तो नको. भोकं बुजली की खालचा वारा बंद.

पाकीट फ्रीजरमधून काढायचं ते थेट बुट्टीत. बर्फ आधी सुटू द्यायचा नाही. गोठलेला फ्राय गरम वाऱ्यात गेला की वरची ओल सुटता सुटता वाफ होऊन जाते. बाहेर ठेवून सुटलेलं पाणी मात्र फ्रायच्या अंगातच जिरतं, बाहेरचा थर भिजतो, आणि मग तो थर कधीच कडक होत नाही.

आणि इथं आपल्या भागाची एक अडचण सांगायलाच पाहिजे. जून-जुलैत आपल्याकडं पाऊस कसा लागतो ते तुम्हाला माहीत आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात झाड पडलं की करंट गेलाच, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. दुकानातला फ्रीजरही बंद. पाकिटातला माल अर्धा सुटतो, करंट आला की पुन्हा गोठतो. वरून पाकीट तसंच दिसतं. म्हणून विकत घेताना पाकीट हातात धरून हलवा. आतले फ्राईज सुटे सुटे वाजले पाहिजेत. एकच गोळा लागला, किंवा आत बर्फाचा भुगा साचलेला हाताला जाणवला, तर ते पाकीट परत ठेवा. दुकानदाराला सांगून ठेवा, भीड बाळगू नका. आपण पैसे मोजतो. असा माल वजा अठरा अंशांवर राहायला हवा असतो, आणि पुन्हा गोठलेला फ्राय कुठल्याच यंत्रात नीट होत नाही. मी दोनदा करून बघितलंय.

आता प्रत्यक्ष कृती. यंत्र दोनशे अंशांवर लावून रिकामंच तीन-चार मिनिटं तापू द्या. मग फ्राईज घाला. बारीक कापाचे असतील तर बारा ते पंधरा मिनिटं, जाड असतील तर अठरा ते वीस. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून पहिल्या खेपेला आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. सात-आठ मिनिटांनी बुट्टी बाहेर ओढा आणि नीट हलवा, सुपात धान्य पाखडतो तसं. वरचे खाली, खालचे वर आले पाहिजेत.

आणि हलवताना ऐका. या पहिल्या हलवणीत आवाज भद्द येतो. थप, थप. ओल्या बोळ्यासारखा. याचा अर्थ वरची ओल अजून आहे. पुन्हा लावा. चार-पाच मिनिटांनी परत हलवा. आता आवाज हलका झालेला असतो, बुट्टीच्या कडेला फ्राय आपटल्याचं कळतं. शेवटची दोन-तीन मिनिटं लक्ष देऊन थांबा. आणि एका हलवणीला तो आवाज येतो. खडखड. चिंचोक्यांचा. तो आला की बंद करा.

आमचे मामा तर आता स्वयंपाकघराच्या दाराशी बसून सांगतात, "अजून दोन मिनिटं लागतील बघ, थप वाजालंय." आणि बरोबर असतं त्यांचं.

आवाज आल्यावर अजून थोडे लाल होऊ देत, असं काही जणींना वाटतं. तसं करू नका. बटाट्यासारखा पिठूळ पदार्थ फार तापवून तपकिरी केला की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं द्रव्य वाढतं. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे पहिल्यांदा दाखवलं. ते शरीराला चांगलं नाही. सोनेरी पिवळा रंग आला की पुरे. याच कारणानं, घरचे कच्चे बटाटे तळायचे किंवा भाजायचे असतील तर ते फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते, आणि असा बटाटा लवकर काळपट पडतो. पोत्यात, अंधारात, वारा लागेल असा ठेवा.

मीठ सगळ्यात शेवटी. आधी लावलं की ते आतलं पाणी ओढून वर आणतं. गरम असतानाच भुरभुरवा, वरचं तेल अजून ओलसर असतं त्याला मीठ धरतं. काही पाकिटांत मीठ आधीच असतं, तेवढं वाचून घ्या. आमच्याकडं मिठाबरोबर चिमूटभर शेंगदाण्याची कोरडी चटणी टाकतात. मामांसाठी मीठ कमी असतं, मग चटणीचा लसूण कामाला येतो.

झाल्यावर डब्यात घालून झाकण लावलंत तर सगळी मेहनत पाच मिनिटांत गेली. आतली वाफ बाहेरच्या थरात शिरते आणि फ्राय पुन्हा मऊ. चाळणीत किंवा जाळीवर उघडे ठेवा, आणि माणसं बसल्यावरच दुसरा घाणा लावा. उरलेले असतील तर दोनशे अंशांवर तीन-चार मिनिटं पुन्हा फिरवा, पुष्कळ सुधारतात.

विजेबद्दल दोन शब्द, आणि हे कृपा करून मनावर घ्या. ही यंत्रं साधारण चौदाशे ते पंधराशे वॅटची असतात. वीस मिनिटांना अर्धं युनिट, म्हणजे खर्च फार नाही. पण जुन्या घरांतल्या लहान पाच-सहा अँपिअरच्या प्लगला हा भार झेपत नाही. आम्ही पहिल्या महिन्यात एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचो. एक दिवस प्लास्टिकचा वास आला, बघितलं तर पिनेभोवती बोर्ड पिवळा पडून वाकलेला. नातू दोन हातांवर खेळत होता. त्याच दिवशी वायरमनला बोलावून मोठा पॉवर पॉइंट बसवून घेतला. तुम्हीही तसंच करा. आणि यंत्राच्या मागं वीतभर जागा सोडा, गरम वारा तिथूनच बाहेर येतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपल्या बेळगाव तालुक्यात बेळगुंदी, उचगाव, कडोली या बाजूला पावसाळी बटाटा पिकतो. रताळी तर आपल्याकडची लांब उत्तरेपर्यंत जातात. गंमत म्हणजे 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथूनच तो घाट चढून आला असणार. त्यांचा तो 'बटाटा' मूळचा रताळ्याचं नाव. आमच्या शेजारच्या कानडी अक्का आलूगड्डे म्हणतात, आणि बाजारात आम्ही दोघी एकाच ढिगातून वेचतो.

हा बटाटा फ्राईजला चालतो का, असं मला पुष्कळ जणी विचारतात. कारखान्यांना लागतो तो लांबोडा, कमी साखरेचा आणि कमी पाण्याचा. त्यासाठी 'कुफरी फ्रायसोना'सारखी वाणं मुद्दाम काढलेली आहेत. नव्यानं काढलेल्या बटाट्यात पाणी जास्त असतं, म्हणून तो थोडे दिवस मुरू द्यावा लागतो. मग असं करा. बोटाएवढे जाड काप करा, थंड पाण्यात अर्धा तास ठेवा, वरचा स्टार्च जाईल. उकळत्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून चार मिनिटं काढा, व्हिनेगरनं काप मोडत नाहीत. मग पंचावर पसरून पंख्याखाली अगदी कोरडे करा. ही पायरी घाईत उरकू नका. किलोला एक मोठा चमचा तेल चोळा, ताटात सुटे पसरून फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाले की पिशवीत भरा. आधी पिशवीत भरलेत तर गोळा होईल. करायच्या वेळी वरची सगळी रीत तीच, वेळ चार-पाच मिनिटं जास्त.

रताळ्याचे केलेत तर एकशे ऐंशी अंशांवरच ठेवा. साखर जास्त, चट्कन करपतात. ते बटाट्याइतके वाजत नाहीत, आतून मऊच राहतात, तेव्हा तिथं आवाजाची वाट बघू नका. कडा तपकिरी झाल्या की काढा.

गेल्या दसऱ्यानंतर बाजारातून पाच किलो बटाटा आणून आम्ही सासू-सुनांनी असे काप करून ठेवले. करंट दोनदाच गेला, तोही थोडाच वेळ, त्यामुळे टिकले. शेवटची पिशवी संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी काढली. बुट्टी हलवली, मामांनी दारातून हात वर केला, "झालं, काढ," आणि चहाचा कप पुढं ओढला.

नमस्कार.