मांडवातलं डूम मेटल

(वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं आवरून-सावरून.)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात आलात, आभार. गेल्या आठवड्यात इथे भातावरच्या करप्याबद्दल व्याख्यान झालं, तेव्हा म्हणे लोक व्हरांड्यात उभे होते. आज मागच्या चार रांगा रिकाम्या आहेत. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘गॉथिक डूम मेटल’, म्हणजे जड गिटारांचं, संथ आणि उदास संगीत. त्याच्याखाली कुणीतरी खडूनं लिहून गेलंय, ‘भंगार योग्य भावात घेतलं जाईल’. अक्षर ओळखीचं आहे, पण जाऊ दे.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. मांडव, लायटिंग, साऊंड. पावसात तो बंद, म्हणून तर मी व्याख्याता झालोय. कार्यवाहांनी चाळीस मिनिटं दिलीत आणि माझ्याकडून कबूल करून घेतलंय की मी एकाच प्रश्नाचं उत्तर देईन. जे संगीत कानावर पडलं की शेजारी विचारतात ‘कोण गेलं?’, ते काही माणसांना मुद्दाम लावून ऐकावंसं का वाटतं? आणि माझं पुढचं म्हणणं असं की कोकणातल्या माणसाला तर ते परकं वाटायचं कारणच नाही. पण त्याच्याआधी एक जुना हिशेब आहे, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

साऊंडवाला मांडवात गेला की आधी सिस्टीम तपासतो. बहुतेक जण डीजेचं गाणं लावून तपासतात, आणि तिथेच फसतात. धब-धब-धब अशा तुटक ठोक्यात सगळे दोष लपतात. ठोका संपला की दोषही संपला. डूम मेटलमध्ये एक खर्जाचा सूर चार-चार, पाच-पाच सेकंद उभा राहतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास वाजते. तो सूर सोडला की बॉक्सचा पडदा कुठे फाटलाय ते फरफरीतून कळतं, अर्थिंग नसेल तर मागचा हम, म्हणजे सततची गुणगुण, उघडा पडतो, आणि मांडवाचा कुठला पत्रा सैल आहे तेही पत्रा स्वतःच सांगतो. म्हणून मी गेली कित्येक वर्षं याच गाण्यांवर टेस्टिंग करतो. आवड आणि धंदा, दोन्ही उरकतं.

तर एका लग्नात, गाव सांगत नाही कारण त्यातले दोघे इथे बसलेत, सकाळी सातला मी ‘माय डाइंग ब्राइड’ नावाच्या इंग्लिश बँडचं गाणं लावलं. नावाचा अर्थ सांगू नये अशीच ती जागा होती. आचारी वाटण वाटत होता, तो हात थांबवून ऐकायला लागला. त्याला आवडलं, हे मी शपथेवर सांगतो. एवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा धावत आले. ‘अरे, कोण मेलो काय रे? ह्यां काय लावलंस? बंद कर आधी!’ मी म्हटलं, मामा, टेस्टिंग चाललंय. ते म्हणाले, शुभकार्यात असलं टेस्टिंग होत नाही. मग शनाई लावली. पत्रा वाजायचा तो वाजतच राहिला, आणि मंगलाष्टकांच्या वेळी व्हायचं तेच झालं. पाचव्या कडव्याला हम सुरू.

बरं, संध्याकाळी पाठवणी. मामांचा निरोप आला, ‘ते रडवणारं गाणं लाव, आवाज वाढव.’ लावलं. मुलीची आई रडली, मावश्या रडल्या, व्हिडिओवाला रडला. मामा तर खांबाला धरून रडले आणि मग तोंड धुऊन, अगदी हलके होऊन, दोन वाट्या खीर प्याले. दुसऱ्या दिवशी बिलातून माझे पाचशे रुपये कापले. कारण? ‘सकाळी अशुभ वाजवलंस.’

मला पाचशेचं दुःख नाही. म्हणजे आहे, पण आता तो विषय नाही. मला एवढंच विचारायचं आहे की संध्याकाळी पाचला जे दुःख रिवाजात बसतं, ते सकाळी सातला अशुभ कसं? आपल्याला रडणं नको असतं असं नाहीच. ते पत्रिकेत छापलेल्या वेळेला हवं असतं. बाकी सगळा दिवस ‘हसत राहा’. सकाळी मोबाइल उघडला की गुलाबाचं फूल आणि ‘आजचा दिवस आनंदाचा’. अहो, आठ दिवस सूर्य दिसलेला नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी आलीय, आणि आनंदाचा! त्यापेक्षा त्या बुरशीकडे बघत तासभर तिच्याच सुरात बसू देणारं काहीतरी ऐकावं.

हां, चिठ्ठी आली. वीस मिनिटं उरलीत. म्हणजे आपण मूळ विषयाला अजून हात घातलेला नाही.

हे संगीत सुरू झालं ते बर्मिंगहॅमला. ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली, शुक्रवारी. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. तारा हलक्या घेतल्या. पुढे १९७१ च्या रेकॉर्डवर काही गाण्यांत त्या तीन अर्धस्वर उतरवल्या, तारांचा ताण कमी झाला आणि आवाज आणखी जड झाला. मला यातलं काय आवडतं सांगू? हा जडपणा कुणी नाट्य म्हणून आणलेला नाही, दुखऱ्या बोटांची सोय बघता बघता तो आला.

त्यांच्या पहिल्या गाण्याची सुरुवात तीन सुरांची आहे. षड्ज, वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. तिकडे या अंतराला सैतानाशी जोडलेलं आहे. आपल्याकडे षड्ज आणि तीव्र मध्यमाचं नातं घेऊन मारवा, पूरिया, श्री असे संध्याकाळचे राग उभे आहेत. मारव्यात पंचमच नाही. तानपुरा निषादाला लावतात, आणि गवय्या षड्जावरसुद्धा मोजकाच टेकतो. ऐकणाऱ्याला घर दिसतं पण आत जाता येत नाही. वसंतरावांचा मारवा ऐकून याच वाचनालयात माना डोलावणाऱ्या मंडळींनी मला उदास संगीत म्हणून नाकं मुरडू नयेत, एवढी माफक अपेक्षा. (पुढच्या रांगेत हशा. ज्यांना उद्देशून बोललो ते हसले नाहीत.)

आता गॉथिक. १९९१ मध्ये ‘पॅराडाइज लॉस्ट’ या बँडची ‘गॉथिक’ नावाचीच रेकॉर्ड आली. घशातून ओढलेला घोगरा आवाज, त्याच्याबरोबर बाईचा स्वच्छ गळा, मागे कीबोर्डवर वाद्यवृंदाचा घोळ. मघाच्या माय डाइंग ब्राइडनं त्यात व्हायोलिन आणलं. नॉर्वेच्या ‘थिएटर ऑफ ट्रॅजेडी’नं १९९५ पासून राक्षस आणि सुंदरी अशी आवाजांची जोडीच बांधली. लोक मला म्हणतात, तो माणूस गुरगुरतो, शब्द कळत नाहीत. अहो, दशावतारात रात्री दोनला राक्षस पार्टी आरोळी ठोकत पडद्यामागून येते तेव्हा कोण शब्द ऐकतं? झांज आणि पखवाज चढतात, पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात आणि तरी उठून घरी जात नाहीत. नंतर स्त्रीपार्टीनं विलाप सुरू केला की त्या आरोळीमुळेच तो आणखी कोवळा लागतो. ही जोडी आपण पिढ्यान् पिढ्या रात्रभर जागून बघतोय.

दुसरी चिठ्ठी. सात मिनिटं, आणि शेवटची एसटी. मग घाईतच सांगतो, खरं म्हणजे हेच सांगायला आलो होतो.

पॅराडाइज लॉस्ट हॅलिफॅक्सचे, माय डाइंग ब्राइड ब्रॅडफर्डचे. दोन्ही गावं यॉर्कशायरमधली, दोन्ही लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेली, आणि ही पोरं मोठी होईपर्यंत त्यातल्या बहुतेक गिरण्या थंड झालेल्या. पाऊस, दगडी भिंती, बंद धुराडी. आता इकडे या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात कोकणातले चाकरमानी किती, ते तुमच्या घरातच मोजा. माझे वडील ट्रंक घेऊन गावी आले. पडवीत बसायचे. रडले नाहीत, बोललेही नाहीत, आणि त्या गप्प बसण्याला आमच्याकडे गाणं नव्हतं. भजन देवासाठी होतं, गाऱ्हाणं देवळात होतं, जाखडी सणाला होती. गिरणी गेल्यावर पडवीत बसलेल्या माणसासाठी काही नव्हतं. हॅलिफॅक्सच्या पोरांनी ते केलं, असं मला वाटतं. त्यांनी तसं कुठे म्हटलेलं नाही, हा माझा अर्थ आहे. पण कॉलेजात असताना मित्राच्या कॅसेटवर ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमची पडवीच आठवली होती.

आणि आकर्षण म्हणाल तर ते संथपणात आहे. ही गाणी तुम्हाला समजावत नाहीत, ‘होईल सगळं ठीक’ म्हणत नाहीत. एक सूर लावतात आणि तो विझेपर्यंत थांबतात. तेवढा वेळ आपल्या दुःखाला दुसरीकडे कुठे मिळतो?

सुरुवात कुठून करावी, असं चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं. हार्मोनियम-व्हायोलिनचा कान असेल तर माय डाइंग ब्राइडची १९९३ ची रेकॉर्ड. गुरगुर सोसत नसेल तर ब्रुकलिनचे ‘टाइप ओ निगेटिव्ह’. त्यांचा पीटर स्टील आधी न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यात नोकरी करायचा. २०१० मध्ये तो गेला. खर्जात स्वच्छ गायचा, आणि स्वतःच्याच उदासीची टिंगल करायचा. आपल्या देशातलं हवं असेल तर मुंबईचे ‘डर्ज’ आणि बंगळुरूचे ‘जिन अँड मिस्कॅटॉनिक’ आहेत. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ४१ हर्ट्‌झ त्यातून येतच नाही, नुसती कुरकुर ऐकाल आणि मला नावं ठेवाल. हेडफोन नसेल तर माझ्या गोडाऊनवर या. गणपतीपर्यंत बॉक्स तिथेच पडून आहेत.