कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा, पुस्तकावर बसणारी मांजर आणि माझं अलीकडचं वाचन

[कॅमेऱ्याकडे बघून, थेट सुरुवात]

नमस्कार मंडळी! कल्पना करा, तुम्ही बाहेरून घरी आलात. सोफ्यावर कागदाचे कपटे, मधोमध पुस्तकाचा सांगाडा, आणि कोपऱ्यात कुत्रा. कान मागे, शेपटी पायांत, मान खाली, नजर चुकवतोय. अशा वेळी आपण सगळे एका सुरात काय म्हणतो? “बघा, चोराच्या मनात चांदणं!”

आजचा व्हिडिओ या चांदण्याबद्दल आहे. ते कुत्र्याच्या मनात असतं की आपल्या?

गेले काही महिने माझ्या वाचनात प्राण्यांवरची पुस्तकं ओळीने येत गेली. ठरवून नाही. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. वाचताना पायाशी बंड्या, म्हणजे आमचा कुत्रा, आणि पुस्तकावर ठकी, म्हणजे मांजर. पुस्तकाशेजारी नाही, पुस्तकावर. त्याकडे येतेच.

या वाचनातून माझी एक कसोटी तयार झाली, ती आधीच सांगून टाकते. प्राण्यांवरची बरीच पुस्तकं गोड असतात. कुत्रा निष्ठावान, मांजर मानी, शेवटी डोळ्यांत पाणी. मला त्यांचा आता कंटाळा आलाय. जे पुस्तक खाली ठेवल्यावर समोरच्या जनावराकडे नव्याने बघावंसं वाटतं, ते माझं पुस्तक.

तर पहिलं पुस्तक, ‘इनसाइड ऑफ अ डॉग’. लेखिका अलेक्झांड्रा होरोविट्झ. आलं 2009 साली. बाई कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक आहेत, आणि त्याच वर्षी त्यांचा तो ‘अपराधी चेहऱ्या’चा प्रयोगही प्रसिद्ध झाला. हा प्रयोग जरा नीट सांगते, कारण त्याची रचना फार चतुर आहे.

चौदा कुत्रे आणि त्यांचे मालक. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, “खायचा नाही” असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. आता गंमत अशी की, आत काय घडणार ते कुत्र्याच्या हातात नव्हतंच. कधी प्रयोग करणारी बाई स्वतःच कुत्र्याला तो खाऊ खायला घालायची, कधी उचलून घ्यायची. मग मालक परत यायचा आणि त्याला सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्ला किंवा नाही खाल्ला. हे सांगणं दर वेळी खरं असेलच असं नाही. “खाल्ला” असं कळलं की मालक कुत्र्याला रागवायचा, “नाही खाल्ला” असं कळलं की शाबासकी द्यायचा.

निकाल काय? तो पडलेला चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही, यावर ठरत नव्हता. मालक रागावला की नाही, यावर ठरत होता. आणि सगळ्यांत जास्त पडलेले चेहरे कुणाचे? ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी ज्यांना बोलणी बसली, त्यांचे!

म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतो, ते “बाबा, रागावू नकोस, मी काही करत नाहीये” असं सांगणारं शरीर असतं. तुमचा आवाज चढला, खांदे ताठ झाले, तुम्ही दारातच थबकलात, एवढं त्याला पुरतं.

आता कुणीतरी खाली लिहीलच, “ताई, पण आमचा तर मी काही बोलायच्या आधीच पडून राहतो.” बरोबर आहे. कपटे जमिनीवर आहेत आणि माणूस दारात आहे, म्हणजे आता आरडाओरडा होणार, ही जोडी त्याने पूर्वीच्या अनुभवातून लक्षात ठेवलेली असू शकते. कपटे मी केले, म्हणून आरडाओरडा, हा मधला दुवा त्याच्याकडे आहे का? त्या प्रयोगाने तसा पुरावा दिला नाही. कुत्र्यांना अपराधी वाटतच नाही, असंही या प्रयोगाने सिद्ध केलेलं नाही, हेही लक्षात घ्या. सिद्ध झालं ते एवढंच की, चेहरा बघून गुन्हा ओळखता येत नाही. घरात दोन कुत्रे असतील तर हे फार कामाचं आहे. पडलेल्या चेहऱ्याचा तो आरोपी, असा निकाल देऊ नका. तो नुसता जास्त भित्रा असू शकतो.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ सरळ आहे. तासाभरापूर्वी फाडलेल्या पुस्तकावरून आत्ता रागावण्यात काहीच हशील नाही. कुत्रा शिकतो ते एवढंच की, तुम्ही बाहेरून आलात की घाबरायचं.

[हातात कुरतडलेलं पुस्तक. कोपरा कॅमेऱ्याजवळ.]

हे बघा, बंड्याची कारागिरी. हा खालचा कोपरा. पुठ्ठ्याचे थर सुटून फुललेत, बघा, आणि इथे दाढांचे खळगे. पण नीट बघितलं तर जिथे माझा अंगठा टेकतो, नेमका तोच कोपरा गेलाय. वरचा कोपरा शाबूत.

पुस्तक आपण तासन्‌तास हातात धरतो. काही जण बोटाला थुंकी लावून पान उलटतात. (मी त्यातलीच एक. नाकं मुरडू नका.) त्यामुळे कुत्र्याच्या नाकाला घरातल्या ज्या वस्तूंना आपला दाट वास येतो, त्यात चपला, मोजे, रिमोट यांच्या पंगतीला पुस्तकही बसतं. वर जुन्या बांधणीत कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरलेला असेल, तर मग विचारूच नका. आणि पिल्लू असेल तर दातांचा हंगाम. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, ते साधारण तिसऱ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत पडून त्या जागी 42 पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावलं जातं. साहित्यिक दर्जा बघितला जात नाही.

किंवा बघितला जातही असेल! अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्या टोबी नावाच्या पिल्लाने 1936 साली ‘ऑफ माइस अँड मेन’चं जवळपास अर्धं हस्तलिखित फस्त केलं होतं. दुसरी प्रत नाही, दोन महिन्यांचं काम पाण्यात. स्टाइनबेकनी पत्रात लिहिलंय की पिल्लाने कदाचित समीक्षक म्हणून हे केलं असावं. कादंबरी पुढच्या वर्षी आली आणि गाजली.

उपाय दोनच. चावायला हक्काची वस्तू द्या आणि वाचायला बसण्याआधी कुत्र्याला फिरवून आणा. फिरवणं म्हणजे पट्टा धरून भराभर चालवणं नव्हे. होरोविट्झबाईंचा भर वास घेण्यावर आहे. एकाच खांबाशी तो तीन-तीन मिनिटं नाक खुपसून उभा राहतो ना, राहू द्या. कोण आलं, कधी गेलं, नर की मादी, हे सगळं तो तिथे टिपत असतो. आपण पट्टा ओढतो तेव्हा त्याच्या नाकासमोरची बातमी अर्धवट सुटते. मी अशा वेळी एका कानात ऑडिओबुक लावते. एकाच कानात हं, दुसरा रस्त्याला.

आता बाईसाहेब.

[ठकी फ्रेममध्ये येते. येऊ द्यावी.]

आल्याच बघा. मांजर पुस्तकावरच का बसते? जॉन ब्रॅडशॉ यांचं ‘कॅट सेन्स’ वाचलं, 2013 चं. ब्रॅडशॉ यांचा मुख्य मुद्दा असा की, मांजर पूर्ण माणसाळलेली नाहीच. कुत्र्याला आपण हजारो वर्षं कामासाठी निवडून निवडून घडवलं. मांजर धान्याच्या कोठारापाशी उंदरांसाठी आली आणि राहिली. त्यामुळे आपल्याशी वागण्यासाठी तिच्याकडे वेगळे नियम नाहीत, मांजरांशी वागायचे नियम तेच ती आपल्याला लावते. शेपटी खांबासारखी उभी करून येते, ते मैत्रीतल्या मांजरीला केलेलं अभिवादन. पंज्यांनी मांडी मळते, ती दूध पिणाऱ्या पिल्लाची सवय.

हे पुस्तक मला आवडलं, पण मधली काही प्रकरणं जड आहेत, आनुवंशिकतेची. चाळलीत तरी चालेल, मी कुणाला सांगणार नाही.

पुस्तकावर बसण्याला मात्र एकच कारण नाही. एक म्हणजे ऊब. आपल्याला उकडायला लागतं त्या तापमानाला मांजर नुसती सुखात असते. शरीराला काही जादा खटपट न करता राहता येईल असं तिचं तापमान साधारण 30 ते 38 अंश सेल्सियस आहे. त्यामुळे मांडी, दिव्याखालची जागा, लॅपटॉप, हे सगळं तिला हवं असतं. कागदही खालच्या फरशीपेक्षा बरा. दुसरं म्हणजे वास. गालांत आणि हनुवटीत तिच्या गंधग्रंथी असतात. पुस्तकाच्या कोपऱ्यावर गाल घासला की पुस्तक तिच्या मालकीचं. तुमचं नाव पहिल्या पानावर असेल, तिचं कोपऱ्यावर असतं.

आणि तिसरं कारण आपण स्वतः. वाचणारा माणूस हलत नाही, बोलत नाही, नजर एकाच ठिकाणी. त्या ठिकाणी जाऊन बसलं की काय होतं? माणूस बोलतो, हात लावतो, उचलतो, हसतो. कधी कधी फोटो काढतो! दहादा हाकललं आणि अकराव्यांदा कुरवाळलं, तरी तिला ते पुरतं. उलट कधी कधीच मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं, हे वर्तनशास्त्रातलं जुनं तत्त्व आहे. म्हणून हाकलत बसू नका. शेजारी तुमच्या कोपराला टेकेल असं एक खोकं ठेवा, त्यात तुमचा जुना टी-शर्ट, आणि ती त्यात बसली की तिथे लाड करा. ठकी आता पाच दिवसांतले तीन दिवस खोक्यात असते. उरलेले दोन दिवस मी तिच्या भोवतीने वाचते.

आणखी एक करून बघा. मान वर करून तिच्याकडे बघा, आणि डोळे सावकाश बारीक करून मिटा, मग उघडा. 2020 साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. माणसाने अशी संथ उघडझाप केली की मांजरीही तशीच करतात, आणि अनोळखी माणसाने केली तरी त्याच्या हाताजवळ जास्त येतात. टक लावून बघणं मांजरीला धमकीसारखं वाटतं. ही उघडझाप त्याच्या बरोबर उलट.

बाकी पुस्तकावरची मांजर ही आजची गोष्ट नाही. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिक शहराच्या दप्तरखान्यात पंधराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यावर शाईत बुडालेल्या मांजरीच्या पंज्यांचे ठसे आहेत. लेखनिक काय म्हणाला असेल, त्याची नोंद नाही.

मराठीतलं एक पुस्तक या ओळीत घ्यायलाच हवं. पाळीव प्राण्यांवरचं नाही, पण माझ्या कसोटीला ते पुरेपूर उतरतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळ्या आणि त्यांच्यातली सत्तेची झुंज. या कादंबरीला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ती यंदा पुन्हा वाचली. टोळीचा नर बदलला की पिल्लांचं काय होतं, हे वाचताना आपण न्याय-अन्याय शोधत राहतो आणि तिथे तो सापडत नाही. आकाराने छोटी आहे, एका बैठकीत होते. कुत्र्याच्या ‘अपराधा’वर बोलून झाल्यावर ही वाचली तर जास्त भिडते.

आता पुस्तकं आणि जनावरं एका घरात असतील तर दोन गोष्टी, आणि या गमतीच्या नाहीत.

पहिली, पुस्तकाला शिवलेली खुणेची फीत. गोंडेवाल्या खुणापट्ट्याही त्यातच. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकणं तिला जमत नाही, तो आतच सरकतो. एक टोक कुठे अडकलं की आतडी त्या दोऱ्यावर चुणी पडल्यासारखी गोळा होतात आणि दोरा आतडं कापू शकतो. अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका. कापूही नका. तसंच उचलून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. माझ्याकडच्या फिती मी मुळाशी कापून टाकल्यात, कागदाचा कपटा खूण म्हणून पुरतो.

दुसरी, पुस्तकांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या. नॅफ्थलीनच्या असतात त्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतात. कुत्रा गोळी गिळतो, मांजर अंगाला लागलेलं चाटते. कसरीसाठी कपाट अधूनमधून रिकामं करून पुसा, पुस्तकं झटका, हवा लागू द्या. कष्टाचं आहे, पण गोळ्या नकोत. गोळी पोटात गेल्याची शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

लहान मुलं असतील तर एक उपक्रम सुचवते. मुलांना कुत्र्याला मोठ्याने वाचून दाखवू द्या. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला 1999 पासून असा कार्यक्रम वाचनालयात सुरू झाला, प्रशिक्षित कुत्रे आणि वाचायला अडखळणारी मुलं. कुत्रा उच्चार सुधारत नाही, घाई करत नाही, मध्येच “पुढे?” म्हणत नाही. फक्त कुत्र्याला उठून जायची मोकळीक हवी. आमचा बंड्या कवितेला उठून जातो.

सध्या हातात आहे नात्सुमे सोसेकी यांची ‘आय ॲम अ कॅट’, 1905-06 मध्ये क्रमशः आलेली जपानी कादंबरी. गोष्ट सांगते ती एक मांजर, आणि तिला नावच नाही. माझ्या कसोटीला ही खरं तर नापास व्हायला हवी, कारण इथे मांजरीच्या तोंडी माणसाचीच भाषा आहे. पण ती मांजर माणसांवर अशी काही कोरडी टीका करते की मी अर्ध्यावर आले तरी ठेववत नाही. उरलेली वाचून झाली की तिच्यावर स्वतंत्र व्हिडिओ करते. तोवर तुमच्याकडे कुरतडलेल्या पुस्तकांचे फोटो असतील तर पाठवा, आणि कोणता कोपरा गेलाय ते आवर्जून लिहा.