ते नऊ जण घरी गेले होते

नमस्कार श्रोतेहो. माझ्या माहेरी आम्ही ख्रिस्ती माणसं एकमेकांना ‘सलाम’ म्हणतो. इंदुरात सासरी आल्यावर मी ‘जय मसीह की’ म्हणायला शिकले. तेव्हा तुम्हाला तिन्ही. माझं माहेर म्हणजे पूर्वीचं अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. अहिल्याबाई तिकडच्या चौंडीत जन्मल्या आणि होळकरांची सून होऊन इकडे माळव्यात आल्या. लग्न झालं तेव्हा सासरचे लोक मला त्यावरून चिडवायचे, की तूही त्याच वाटेनं आलीस. फरक एवढाच की त्यांनी राज्य सांभाळलं आणि मला लोकमान्यनगरातल्या तीन खोल्या सांभाळताना नाकी नऊ येतात.

मला विषय दिलाय तो कॅन्सरनंतरचं घर आणि कृतज्ञता. घराबद्दल मी तासभर बोलेन. कृतज्ञतेचं जरा अवघड आहे. आमच्या मंडळीत त्यासाठी रीत आहे, तिला साक्ष देणं म्हणतात. रविवारच्या उपासनेत पुढे उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. माझे उपचार संपले तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, “ताई, येत्या रविवारी तुमची साक्ष ठेवू या का?” मी म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी मुलाची परीक्षा तोंडावर होती. त्याच्या पुढच्या रविवारी गॅस संपला. असं करत वर्ष गेलं. पाळकसाहेब समजूतदार, त्यांनी विचारणं सोडलं. पण मंडळीतल्या एक बाई सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं आणि म्हणाल्या, “त्या नऊ जणांसारखं करू नकोस गं.”

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात ती आहे. येशू शोमरोन आणि गालील यांच्या मधून चालला होता. एका गावाशी दहा कुष्ठरोगी त्याला दिसले. ते दूर उभे राहिले, कारण जवळ यायची त्यांना मुभाच नव्हती. तिथूनच ओरडून त्यांनी दया मागितली. येशू म्हणाला, जा, याजकांना, म्हणजे पुरोहितांना, दाखवा. ते निघाले आणि वाटेतच बरे झाले. त्यांतला एक तेवढा माघारी आला, पाया पडला, त्यानं उपकार मानले. तो शोमरोनी, म्हणजे परका. येशूनं विचारलं, बरे तर दहाही झाले ना, मग नऊ कुठे आहेत?

संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना मी अर्थातच त्या एकाच्या बाजूची असायची. आता मला ते नऊ जण कुठे होते ते ठाऊक आहे. ते घरी गेले होते.

माझी गाठ मला नोव्हेंबरात हाताला लागली. आंघोळ करताना, डाव्या बाजूला, हरभऱ्याहून थोडी मोठी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी मीच माझी समजूत घातली. तिथेच चुकले. स्तनातली कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखली असती तर मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे पळाले असते. आणि पुढे नाताळ होता. आमच्याकडे नाताळचा फराळ दिवाळीसारखाच असतो, करंज्या, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून भरलेलं ताट आलेलं असतं, ते आपण नाताळात भरून परत पाठवायचं असतं. तर करंज्या लाटत लाटत मी ती गाठ जानेवारीपर्यंत लपवली. ह्यांनाही सांगितलं नाही.

कळलं ते सासूबाईंना. मी कपडे वाळत घालताना डावा हात वर करायला कचरते आहे हे त्यांनी टिपलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यांनी त्यांच्या आजीचा विषय काढला. कॅनडाच्या मिशनच्या डॉक्टर एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये इंदुरात आल्या, दोन वर्षांनी डॉक्टर मॅरियन ऑलिव्हर आल्या. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांपुढे अंग उघडं करत नसत, दुखणी अंगावर काढत. सासूबाईंची आजी पुढे त्याच मिशनच्या दवाखान्यात कामाला होती. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “त्या बायका सातासमुद्रापलीकडून आल्या. आणि तुला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येऊन मला सांगता आलं नाही?”

माझ्या बहिणींनो, गाठ असो, कातडीला खळी पडलेली असो, स्तनाग्र आत ओढलं गेलेलं असो की त्यातून पाणी किंवा रक्त येत असो, सण होऊन जाऊ देऊ नका. आणि सुई घालून तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं जे बसस्टॉपपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, ते खोटं आहे. त्या तुकड्यावरूनच कळतं की कुठल्या जातीचा आहे आणि कुठलं औषध लागू पडेल.

उपचारांचं फार सांगत नाही. ऑपरेशन झालं, मग आठ किमो, दर एकवीस दिवसांनी एक, मग पंधरा दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. पहिल्या चार किमोंचं औषध लालभडक असतं आणि त्या दिवशी लघवीसुद्धा लाल होते. हे नर्सनं आधी सांगितलं होतं, तरी मी घाबरून किंचाळलेच. दुसऱ्या किमोच्या आधी केस गेले. उशीवर, मोरीत, पोळीच्या कणकेत. हे एक दिवस केसांचा गुंता कागदावर घेऊन कचरागाडीच्या आवाजाबरोबर दारात उभे राहिले आणि आत वळून विचारतात, “अगं, हे ओल्यात टाकायचं की सुक्यात?” इंदूरचा माणूस. बायकोचं टक्कल पडेल, पण कचरा वेगळा झालाच पाहिजे. त्या आजारपणातलं माझं पहिलं मोठ्यानं हसणं ते.

किमोनंतर मधले काही दिवस पांढऱ्या पेशी खूप उतरतात आणि साधी सर्दीही महागात पडू शकते. धाकटा तेव्हा तिसरीत, त्याचं नाक बारमाही वाहतं. त्याला माझ्या खोलीत यायला मनाई होती. तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि शाळेत काय झालं ते तिथून ओरडून सांगायचा. मी हळू बोललेलं त्याला ऐकू जात नसे, म्हणून तो आणखी ओरडायचा. एकदा त्यानं ओरडून विचारलं, “मम्मी, तुला हात कधी लावायचा?” त्या दिवशी मला ‘दूर उभे राहिले’ हे तीन शब्द कळले. तोवर मी ते वाचत होते नुसती.

खाण्याचं म्हणाल तर तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव. ह्यांना लग्नानंतर चौदा वर्षं चहापलीकडे काही येत नव्हतं. ते पोहे शिकले. इंदुरी पोहे, वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर शेव आणि जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. बाहेरचं आणि कच्चं बंद, त्यामुळे कांदा नाही, डाळिंबाचे दाणे नाहीत. चव लागायची ती फक्त जिरावनाची, म्हणून मी पोह्यांवर जिरावन नव्हे, जिरावनाखाली पोहे खायचे. काकू गरम मेतकूट-भात पाठवायच्या. त्यांनी माझ्यासाठी गजानन महाराजांना नवस बोलला होता. तो फेडून आल्या तेव्हा पेढा घेऊन आल्या. मी खाल्ला. यावर पायऱ्यांवरच्या बाई काय म्हणाल्या ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

त्याच बाईंनी आजारपणात आणखी एक वाक्य ऐकवलं होतं. विश्वास कुठेतरी कमी पडला असेल, म्हणून हे आलं. मी तेव्हा गप्प बसले, कारण बोलायला अंगात त्राण नव्हतं. आज आहे. पण जाऊ दे.

माझ्या मुलीची गोष्ट सांगायची राहिली. ती तेव्हा सातवीत होती. तिच्या दोन वेण्या मी घालायची, रोज, डबा भरून झाल्यावर. उपचार संपले त्या आठवड्यात मी पहाटे उठले, डबे भरले आणि कंगवा घेऊन हाक मारली. ती आली ती वेण्या घालूनच. नीट घट्ट, भांगसुद्धा सरळ. माझ्याशिवाय शिकली होती. केव्हा, कशी, मला पत्ता नाही. मी काही बोलले नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार. कारण तिनं एक वेणी सोडली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली. शेवटच्या किमोंनी माझी बोटं बधिर झालेली. शर्टाचं बटण लागत नसे, तिथे तीन पेडांचं काय होणार! पंधरा मिनिटं लागली, बस चुकली, हे तिला स्कूटरवर सोडायला गेले. एक वेणी तिची आणि एक माझी, अशी ती शाळेत गेली. दोन्हींतला फरक लांबूनही दिसत होता.

तर त्या दिवसांत मला साक्ष द्यायला वेळ नव्हता, हे खरंच होतं. नऊ महिने मी स्वतःच्या घरात पाहुणी होते. मला तुपाची बरणी कुठे ठेवली आहे ते विचारावं लागत होतं. मला आधी तुपाची बरणी परत हवी होती.

मग मी शास्त्र काढून बसले, खरं तर भांडायच्या इराद्यानं. कुष्ठ गेलेल्या माणसानं काय करायचं ते बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लिहिलंय. याजकानं तपासायचं. मग त्या माणसानं अंगावरचे सगळे केस काढायचे. मी इथे थांबले आणि डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा जेमतेम खुंट आले होते. मग तो वस्तीत येतो, पण सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर राहायचं. आठव्या दिवशी अर्पण. म्हणजे श्रोतेहो, ते नऊ जण कुठे उनाडायला गेले नव्हते. येशूनंच पाठवलं होतं, आणि ते काम आठ दिवसांचं होतं. मलाही डॉक्टरांनी असंच पाठवलंय. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवायचं, मग सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा मॅमोग्राफी. पाच वर्षं रोज एक गोळी.

हे सगळं मी पाळकसाहेबांना जाऊन ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे ताई. पण नवव्या दिवशी?”

मला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

यंदाच्या हंगामाच्या सणाला मात्र मी एक केलं. या सणाला शेतकरी असेल तो पहिलं पीक वेदीपुढे आणतो, गहू, हरभरा, भोपळा. उपासनेनंतर त्या वस्तूंचा मंडळीतच लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. इंदुरात कुणाची शेती? जो तो हातानं केलेलं काहीतरी आणतो. दरवर्षी मी लोणचं न्यायचे. यंदा पोळ्या नेल्या. कारण बोटं बधिर झाल्यापासून माझ्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे, मुलगा ताटात ओळखायचा, ही श्रीलंका, हा गुजरात. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला भाजणं, कापणं चालत नाही, हात सुजतो, म्हणून तव्याशी मोजा घालून उभी राहते. यंदा पहिल्यांदा सगळ्या पोळ्या गोल झाल्या. स्वच्छ पंचात गुंडाळल्या आणि भोपळ्याशेजारी ठेवल्या.

लिलाव करणाऱ्या काकांनी पुडकं उचलून वास घेतला. वीस रुपयांपासून बोली सुरू झाली. पन्नास झाले, शंभर झाले. पायऱ्यांवरच्या बाईंनी दीडशे म्हटलं, मी चकित. मागून कुणीतरी दोनशे म्हणालं, बाईंनी अडीचशे. मग मागचा तोच आवाज म्हणाला, तीनशे. बाई थांबल्या. मी वळून पाहिलं तर आमचे हे, हात वर करून उभे.

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अरे वेड्या, घरी फुकट मिळतात ना त्या!”

सलाम.